एकाच कामाची गाडी

मोटारींच्या बाबतींत माझें ज्ञान बेताचेंच आहे. गाडीचें झांकण उघडून आंत डोकावणाऱ्या आणि समजल्यासारखी मान हलविणाऱ्या माणसांविषयीं मला लहानपणापासून जो आदर वाटत आला, तो वेदान्त जाणणाऱ्यांविषयींहि कधीं वाटला नाहीं. पेट्रोल कोठून घालतात आणि ब्रेक कोठें असतो एवढें कळलें कीं सामान्य माणसाचें भागतें, असें माझें मत. असें असूनहि एका विशिष्ट जातीच्या मोटारींचा इतिहास मीं शेक्सपीअरच्या शोकान्तिकांइतक्याच आस्थेनें वाचला आहे, हें सांगितलें तर माझे सहकारी हंसतील. पण त्याचें कारण मोटार नसून आमचे चिरंजीव आहेत.

सात वर्षांपूर्वींची गोष्ट. तो तेव्हां सतरा वर्षांचा होता आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होता. 'करीत होता' म्हणण्यापेक्षां ती त्याच्याकडून करवून घेतली जात होती, असें म्हणणें सत्याला अधिक धरून होईल. एका रात्रीं त्याच्या पदार्थविज्ञानाच्या वहींत उदाहरणांच्या जागीं मला एका मोटारीचें चित्र दिसलें. गाडी विलक्षण होती. लांकूड फोडण्याची पाचर असावी तशी ती पुढें निमुळती होत गेलेली होती, आणि समोरची कांच दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळासारखी वळलेली होती. चित्र नुसतें पेन्सिलीचें, पण काढणाऱ्याचा हात बसलेला होता.

"ही कसली गाडी?" मीं विचारलें.

"लॅन्सिया स्ट्रॅटोस."

"आणि हिचा उपयोग काय?"

माझ्या प्रश्नाचा रोख गाडीकडे नव्हता हें त्याला कळलें असावें. तरी तो शांतपणें म्हणाला, "हिचा एकच उपयोग, बाबा. रॅली जिंकणें. त्या एका कामासाठींच ती बनवली होती."

मला तर हातांत आयतें कोलीतच मिळालें! "मग बघ," मीं म्हटलें, "निर्जीव गाडीला जें साधतें तें तुला साधूं नये?" आणि वही मिटून ठेवून मी विजयी मुद्रेनें बाहेर आलों.

प्राध्यापकाला उपदेशासाठीं दाखले लागतात, आणि दाखले गोळा करण्याची त्याला खोडच असते. दुसऱ्या दिवसापासून मी या गाडीची माहिती शोधूं लागलों. उद्देश असा कीं, रोज रात्रीं जेवतांना मुलाला तिच्या चरित्रांतील एकेक बोधप्रद प्रसंग ऐकवावा.

पहिली गोष्ट मला कळली ती ही कीं रॅली म्हणजे नुसती शर्यत नव्हे. शर्यतींत साऱ्या गाड्या एकाच वेळीं, एकाच वाटेवरून धांवतात. रॅलींत त्या ठराविक अंतरानें एकामागून एक सुटतात. रस्ता रोजचाच, डोंगराचा, जंगलाचा, खडीचा किंवा बर्फाचा असतो, फक्त तेवढ्यापुरता रहदारीला बंद केलेला. आणि झुंज घड्याळाशीं असते. चालकाच्या शेजारीं सहचालक बसतो आणि आधीं लिहून ठेवलेल्या टिपांवरून पुढचें वळण किती कठीण आहे तें सांगत जातो. चालक डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक भरंवसा ठेवून गाडी हांकतो.

या खेळाचा आरंभ मोठा कौटुंबिक होता. १९११ सालीं माँटे कार्लोची रॅली पहिल्यांदा भरली, तेव्हां युरोपच्या निरनिराळ्या शहरांतून मंडळी आपापल्या गाड्या घेऊन भर हिवाळ्यांत मोनॅकोला आली; आणि क्रमांक लावतांना वेगाबरोबरच गाडी किती सुस्थितींत व किती ऐटदार आहे हेंहि पाहण्यांत आलें. पुढें अर्धशतक लोटलें तरी रॅलींत धांवणारी गाडी ही बहुतांशीं घरचीच गाडी होती. सुएझच्या पेंचप्रसंगानंतर इंग्लंडांत पेट्रोलची टंचाई झाली, तीवर उतारा म्हणून अॅलेक इसिगोनिस या अभियंत्यानें 'मिनी' नांवाची चिमुकली गाडी योजली. ती १९५९ सालीं बाजारांत आली. बाजारहाट करणाऱ्या गृहिणींची ती गाडी; पण तिच्याच जरा तालीम दिलेल्या भावंडांनीं १९६४, १९६५ आणि १९६७ या सालीं माँटे कार्लो जिंकली.

हें वाचतांना मला आमच्या वडिलांच्या फियाटची आठवण झाली. साताऱ्याच्या घरासमोर ती उभी असे. तिनें काय केलें नाहीं? कुंभार्ली घाट चढून तिनें आंब्यांच्या पेट्या आणल्या. दोन आत्यांच्या वराती तिनें मिरवल्या. गणपति आणला आणि पोंचवला. आणि एका पावसाळी रात्रीं माझ्या आईला दवाखान्यांत नेतांना मागच्या आसनावर आम्ही पांच माणसें होतों. तिला कोणतेंच एक काम उत्कृष्ट येत नव्हतें, पण 'हें माझें काम नव्हे' असें ती कधीं म्हणाली नाहीं. अशा गाडीचें कौतुक करण्याचा मात्र माझा त्या वेळचा विचार नव्हता. मला हवी होती ती स्ट्रॅटोस.

तिची जन्मकथा खरोखर मनोरंजक आहे. १९७० सालीं इटलींतील तूरिनच्या प्रदर्शनांत बर्टोने यांच्या कारखान्यानें एक नमुना मांडला. मार्चेल्लो गांदिनी हा त्याचा रेखाटनकार. त्या गाडीची उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या मेजाएवढी भरेल! पुढें नुच्चो बर्टोने ती स्वतः चालवीत लॅन्सियाच्या कारखान्यावर गेले आणि फाटकाची आडवी दांडी न उचलतां तिच्याखालून आंत शिरले, असें सांगतात. लॅन्सिया कंपनी १९६९ सालींच फियाटच्या मालकीची झाली होती, म्हणजे आमच्या साताऱ्याच्या फियाटशीं स्ट्रॅटोसचें दूरचें नातें लागतेंच. लॅन्सियाच्या स्पर्धाविभागाचे प्रमुख चेझारे फिओरियो हे मोठे हिशेबी गृहस्थ होते. त्यांच्या जुन्या फुल्विया गाडीनें १९७२ सालची माँटे कार्लो जिंकली होती. पण घरगुती गाडीला किती तालीम दिली तरी तिचें घरगुतीपण उरतेंच, हें त्यांनीं ओळखलें. त्यांनीं प्रश्नच उलटा केला. असलेल्या गाडीला रॅली कशी शिकवावी, हें विचारण्याऐवजीं रॅलीला कशी गाडी हवी, हें त्यांनीं विचारलें.

उत्तर असें आलें: चालकाच्या पाठीमागें आडवें बसविलेलें, फेरारीच्या डिनो गाडीचें सहा नळकांड्यांचें इंजिन, पुढच्या व मागच्या चाकांत केवळ २.१८ मीटर अंतर, कीं जेणेंकरून डोंगरी वळणावर गाडी गर्रकन् फिरावी; दुरुस्तीला क्षणांत उचलतां येतील असे पुढचे व मागचे भाग; आणि दोन्ही दारांच्या आंतून शिरस्त्राण ठेवण्यापुरते खोल कप्पे. त्या कप्प्यांत भाजीची पिशवी मावेल कीं नाहीं याचा विचार कोणी केला नव्हता. परिणाम व्हायचा तोच झाला. १९७४, १९७५ आणि १९७६ अशीं सलग तीन वर्षें उत्पादकांचें जागतिक अजिंक्यपद लॅन्सियाकडे आलें, आणि सांद्रो मुनारी या चालकानें १९७५ पासून तीन वेळां ओळीनें या गाडींतून माँटे कार्लो जिंकली.

येथें एक गमतीचा नियम आडवा येत होता. स्पर्धा लोकांच्या गाड्यांचीच राहावी म्हणून नियंत्रकांनीं अट घातली होती कीं, जी गाडी उतरवायची तशा पांचशें गाड्या विक्रीसाठीं बनविल्या पाहिजेत. हेतु उत्तम. पण घडलें असें कीं, लोकांच्या गाडीनें रॅलींत जाण्याऐवजीं रॅलीची गाडी लोकांच्या दारांत येऊन उभी राहिली. पांचशेंच्या जवळपास स्ट्रॅटोस बनल्या, आणि त्या खपवितां खपवितां विक्रेत्यांच्या नाकीं नऊ आले. जिच्यांत दोनच माणसें कशीबशी बसतात आणि जी सरळ रस्त्यावरहि चंचल वागते, ती गाडी घेऊन संसारी माणसानें काय करावें?

पण जेवतांना हा भाग मीं मुलाला सांगितला नाहीं. मीं सांगितलें तें एवढेंच कीं, अनावश्यक तें सारें काढून टाकलें कीं यश येतें. आणि नुसतें सांगून थांबलों नाहीं. त्याच्या चित्रांच्या वह्या कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या. रविवारचें बॅडमिंटन बंद झालें. महिन्यांतून एकदां आम्ही साताऱ्याला आईकडे जात असूं, तें मी एकटाच जाऊं लागलों. "नातवाला कां नाहीं आणलास?" असें ती विचारी, आणि मी परीक्षेचें नांव सांगे. ती जुन्या काळची सातवी पास होती. 'परीक्षा' या शब्दापुढें ती गप्प बसे.

माझें वाचन पुढें चाललेंच होतें. १९७६-७७ च्या हिवाळ्यांत ऑडीचे अभियंते फिनलंडच्या बर्फांत आपल्या नव्या गाड्या पारखीत होते. त्यांच्याबरोबर चारहि चाकांना जोर पुरविणारी एक लष्करी गाडी होती. तिचें इंजिन बेताचें, पण बर्फावर ती भल्याभल्यांना मागें टाकूं लागली. यॉर्ग बेन्सिंगर या अभियंत्याला त्यांत भविष्य दिसलें, आणि त्यांतून १९८० सालीं 'क्वात्रो' जन्माला आली. १९८१ सालीं मिशेल मूतोन या फ्रेंच बाईंनीं क्वात्रो चालवून सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक मालिकेंतील रॅली जिंकणारी ही पहिलीच स्त्री. पुढच्या वर्षीं त्यांनीं आणखी तीन जिंकल्या आणि अजिंक्यपदासाठीं वॉल्टर र्‍योर्ल यांच्याशीं त्यांची चुरस लागली. त्या वर्षीं आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर त्यांचे वडील वारले. त्यांचीच इच्छा म्हणून मूतोन बाई स्पर्धेंत उतरल्या, आघाडीवर राहिल्या, आणि अखेरीस अपघातामुळें त्यांना माघार घ्यावी लागली. अजिंक्यपद र्‍योर्ल यांना मिळालें.

ही गोष्ट मीं मुलाला फार रंगवून सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं.

मार्चमध्यें आई गेली. तिचें दुखणें तीन आठवड्यांचें. परीक्षेला थोडे दिवस राहिले होते, म्हणून मीं मुलाला तिच्या भेटीस नेलें नाहीं. आणि ती गेल्यावरहि त्याला पुण्यासच ठेवून आम्ही दोघें साताऱ्यास गेलों. वाटेंत मी मनाशीं मूतोन बाईंचें उदाहरण घोळवीत होतों. बाई थांबल्या नाहींत. आपणहि थांबतां कामा नये! दहाव्याच्या दिवशीं नदीवर कावळ्याची वाट पाहत बसलों असतां मला एकदम उमगलें कीं, या दोन गोष्टींत एक मोठा फरक आहे. मूतोन बाईंना कोणी तरी विचारलें होतें. त्या स्वतः उतरल्या होत्या. माझ्या मुलाला मीं विचारलेंच नव्हतें.

परत आल्यावर झोंप येईना, म्हणून मीं त्या गाड्यांच्या इतिहासाचें उरलेलें प्रकरण उघडलें.

१९८२ पासून नियंत्रकांनीं 'गट ब' नांवाचा नवा वर्ग काढला. आतां दोनशेंच गाड्या बनविल्या कीं पुरें. सुधारून वाढविलेल्या आणखी वीस. मग काय विचारतां? १९८३ सालीं लॅन्सियाची ०३७ केवळ मागच्या चाकांच्या जोरावर अजिंक्य ठरली. त्या जातीच्या गाडीचें तें शेवटचें अजिंक्यपद. १९८४ सालीं प्यूजोची २०५ टर्बो १६ आली. बाहेरून पाहिली तर घरगुती प्यूजो २०५ ची बहीण. आंत मात्र पुढचें इंजिन पाठीमागें गेलेलें आणि चारहि चाकें जोर लावणारीं. १९८५ आणि १९८६ हीं दोन्ही वर्षें तिचीं झालीं. लॅन्सियानें उत्तर म्हणून डेल्टा एस ४ काढली. तिचें वजन नऊशें किलोच्या आसपास आणि शक्ति साडेचारशें अश्वांच्या वर! आमची साताऱ्याची फियाटहि वजनानें जवळजवळ तेवढीच होती. तिची शक्ति पन्नास अश्वांच्या आगेंमागें. जें जें काढून टाकतां येईल तें तें काढलें होतें. इंधनाच्या टाक्या आसनांना लागून होत्या. लोक रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यावरच उभे राहत आणि गाडी अंगावर आली कीं दुभंगत. तिला हात लावून पाहणें हा कांहीं ठिकाणीं पराक्रम समजला जाई. ५ मार्च १९८६ रोजीं पोर्तुगालमध्यें एक गाडी त्या गर्दींत शिरली. कांहीं माणसें मेलीं, तिसांहून अधिक जखमी झालीं, आणि बड्या चालकांनीं ती रॅली सोडून दिली.

याच हकिगतींत मला एक पिता आणि एक पुत्र भेटले. १९६६ सालीं माँटे कार्लोंत तीन मिनी पहिल्या आल्या होत्या. पण पुढच्या दिव्यांच्या कारणावरून त्यांना आणि चौथ्या गाडीलाहि बाद करण्यांत आलें, आणि पांचव्या क्रमांकाच्या सित्रोएंचा फिनिश चालक पाउली टोइव्होनेन विजयी ठरला. असा मिळालेला विजय त्याला कधीं गोड लागला नाहीं, असें म्हणतात. बरोबर वीस वर्षांनीं, १९८६ सालीं, त्याचा मुलगा हेन्री यानें डेल्टा एस ४ चालवून तीच माँटे कार्लो जिंकली, निर्विवाद जिंकली. बापाचें उणें मुलानें भरून काढलें, असेंच साऱ्यांना वाटलें असेल. मलाहि तें वाचतांना क्षणभर धन्य वाटलें.

पुढचें पान उलटलें. २ मे १९८६. कॉर्सिका बेटांतील डोंगरी रॅली. बरोबर एक वर्षापूर्वीं, त्याच तारखेस, त्याच रॅलींत लॅन्सियाचा आत्तिल्यो बेत्तेगा मरण पावला होता. हेन्री टोइव्होनेन आघाडीवर होता. एका डाव्या वळणावर गाडी रस्ता सोडून खालीं गेली आणि पेटली. हेन्री आणि त्याचा सहचालक सेर्जो क्रेस्तो दोघेहि गेले. हेन्री एकोणतीस वर्षांचा होता. अपघात जवळून पाहणारा कोणी नव्हता. कारण शेवटपर्यंत कळलें नाहीं. गाडीचा उरला तो जळका सांगाडा. नियंत्रक संस्थेचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनीं लागलीच जाहीर केलें कीं, पुढील वर्षापासून या गाड्या बंद. १९८७ पासून जो वर्ग उरला, त्यांत निदान पांच हजार गाड्या बनविण्याची अट होती. आणि त्यांत सलग सहा वर्षें, १९८७ पासून १९९२ पर्यंत, अजिंक्य ठरली ती पुन्हां लॅन्सियाचीच डेल्टा, पण पांच दारांच्या कौटुंबिक गाडीवरून निपजलेली.

रात्रीचे दोन वाजले होते. मुलाच्या खोलींत दिवा होता. मी दारांत उभा राहिलों आणि म्हटलें, "अरे, त्या गाड्यांचा शेवट वाचला मीं. टोइव्होनेनचा."

त्यानें वर पाहिलें. "मला पहिल्यापासून माहीत होता, बाबा."

"मग मला बोलला कां नाहींस?"

"तुम्ही रोज इतक्या उत्साहानें सांगत होतां," तो म्हणाला, "म्हटलें, तुम्हीच पोंचाल तिथवर." मग जरा थांबून म्हणाला, "आजी माझ्याविषयीं कांहीं विचारीत होती का?"

तिनें विचारलें होतें. मीं त्याला सांगितलें. त्या रात्रीं आम्ही दोघें पुष्कळ वेळ बसलों. पदार्थविज्ञान मिटलेलें होतें.

वाचकांना वाटेल कीं यानंतर त्यानें परीक्षा सोडली आणि तो चित्रकार झाला. तसें कांहीं झालें नाहीं. त्यानें परीक्षा दिली, त्याला चांगल्या ठिकाणीं प्रवेश मिळाला, आतां तो बंगळूरला नोकरी करतो आणि मला लाजवील इतकें कमावतो. म्हणजे रॅली जिंकली. स्ट्रॅटोसचें सौंदर्यहि मी नाकारीत नाहीं. एका कामासाठीं जन्मलेल्या वस्तूला जी रेखीवता येते, ती हरकामी वस्तूला येत नाहीं, हें खरेंच आहे. एके काळीं गिऱ्हाईक न मिळणाऱ्या त्या गाड्या आज संग्राहक जिवापाड जपतात. पण गाडीचें वजन किती काढावें, हें ठरविणारा अभियंता तिच्यांत बसणारा नसतो. चालक निदान हौसेनें बसलेला असतो. मीं मात्र दुसऱ्याच्या आयुष्यांतून वजन काढलें. आणि मीं जें निरुपयोगी म्हणून उतरवून ठेवलें, त्यांत एक आजी होती.

गेल्या दिवाळींत तो आला होता, तेव्हां मीं वरच्या फळीवरच्या वह्या खालीं काढल्या आणि त्याच्यापुढें ठेवल्या. "काढ कीं कांहीं तरी," मीं म्हटलें. त्यानें पेन्सिल घेतली, दोन-चार रेघा ओढल्या आणि हंसून म्हणाला, "हात वळत नाहीं आतां, बाबा." तरी त्यानें चित्र पुरें केलें. तें स्ट्रॅटोसचें असेल असें मला वाटलें होतें. पण तें आजोबांच्या फियाटचें होतें. चाकें लहानमोठीं झालीं आहेत आणि टपावर आंब्यांच्या पेट्या जरा अधिकच चढल्या आहेत. मागच्या कांचेंत पांढऱ्या केसांचें एक डोकें दिसतें. कोणाचें, तें मीं विचारलें नाहीं.